सराफाच्या काट्यावर अणू मोजायचे कसे

जुलैचा पहिला आठवडा. खिडकीतला कूलर अजून निघालेला नसतो आणि अकरावी सायन्सच्या वर्गात केमिस्ट्रीचा पहिला धडा सुरू झालेला असतो. त्यात ॲव्होगॅड्रोच्या नावाचा एक आकडा येतो, ६.०२२ × १०^२३, आणि निम्मा वर्ग मान खाली घालून तो वहीत उतरवून घेतो. मी नागपुरात याच वयाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढा मोठा आकडा कायले पायजे?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. ज्याला तो पडला, त्याला पुढचं सगळं कळतं. ज्याने आकडा नुसता पाठ केला, तो गणितात भागायच्या जागी गुणतो आणि उत्तर चुकलं हे त्याला कळतही नाही.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. दहावी मराठीत किंवा सेमी-इंग्रजीत करून आलेल्या मुलांसाठी, त्यांना घरी शिकवणाऱ्या आईवडिलांसाठी, आणि शाळेत ॲव्होगॅड्रोचं नाव ऐकून सोडून दिलेल्या कुणासाठीही. सोबत वही, कॅलक्युलेटर आणि आवर्तसारणीचा तक्ता घ्या. शेवटी एक प्रयोग आहे. त्याला तांब्याचे दोन पत्रे, थोडं मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे) आणि सराफाकडचा काटा लागेल. मधलं ^ हे चिन्ह घाताचं आहे: १०^२३ म्हणजे एकावर तेवीस शून्यं.

पायरी १: आधी खिळे तोला

इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात जा आणि दीड इंची खिळे मागा, पाचशे नग. दुकानदार पाचशे खिळे मोजत बसणार नाही. तो किलोत विचारेल. घरी येऊन दहा खिळे काट्यावर ठेवा. समजा २० ग्रॅम भरले, तर एक खिळा २ ग्रॅमचा आणि एका किलोत पाचशे. न मोजता मोजणी झाली.

आता याच्या पुढचा विचार करा, कारण खरी गोम तिथे आहे. समजा खिळ्याचं वजन आपल्याला माहीतच नाही. एक खिळा वेगळा काढून तोलताही येत नाही, इतका तो बारीक आहे. फक्त एवढं ठाऊक आहे की एक स्क्रू एका खिळ्याच्या तिप्पट जड असतो. मग मी एका पिशवीत १ किलो खिळे भरले आणि दुसऱ्या पिशवीत ३ किलो स्क्रू, तर दोन्ही पिशव्यांत नग किती?

किती ते सांगता येणार नाही. पण दोन्हींत सारखेच आहेत, हे छातीठोकपणे सांगता येईल.

इथे दोन मिनिटं थांबा. वर्गात मी इथे पूर्ण तास घालवते आणि तो वाया गेला असं कधी वाटलं नाही. सारखे आहेत हे कळायला किती आहेत हे कळावं लागत नाही. लागतं फक्त एका नगाच्या वजनांचं गुणोत्तर. खिळ्यांच्या जागी हायड्रोजनचे अणू घ्या, स्क्रूंच्या जागी कार्बनचे. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा साधारण बारापट जड. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजनमध्ये जेवढे अणू, साधारण तेवढेच १२ ग्रॅम कार्बनमध्ये. तेवढेच ५५.८५ ग्रॅम लोखंडात, ६३.५५ ग्रॅम तांब्यात आणि १९६.९७ ग्रॅम सोन्यात. तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या चौकटीत छापलेला अणुवस्तुमानाचा आकडा घ्यायचा, त्यापुढे ग्रॅम लिहायचं आणि तेवढा माल तोलायचा. प्रत्येक पिशवीत अणू तेवढेच भरतात.

या पिशवीचं नाव मोल.

पायरी २: मोल आणि स्थिरांक वेगळे करा

बऱ्याच ठिकाणी मोलची तुलना डझनाशी केलेली असते. ती चूक नाही, पण मला अपुरी वाटते. डझनभर केळी आपण मोजून घेतो. मोल आजवर कुणी मोजून घेतलेला नाही, तो कायम तोलूनच घेतला जातो. मोल काट्याच्या बाजूला राहतो आणि अणू मोजणीच्या बाजूला. दोन्ही काठांना जोडणारा पूल म्हणजे ॲव्होगॅड्रो स्थिरांक: एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ × १०^२३ कण. वर्गात ६.०२२ × १०^२३ पुरेसं.

"एका मोलमध्ये" हे शब्द गाळू नका. नुसता ६.०२२ × १०^२३ म्हणजे ॲव्होगॅड्रो अंक, त्याला एकक नाही. "दर मोलला" हे एकक जोडलं की तो स्थिरांक. परीक्षेत गुणांचा प्रश्न येतोच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे एककं लिहिलीत की गुणायचं की भागायचं ते एककंच सांगतात.

आता थोडा इतिहास, कारण त्याने वरची गोष्ट पक्की होते. आमेदेओ ॲव्होगॅड्रो इटलीतल्या तुरीनचा, शिक्षणाने वकील. १८११ साली त्याने मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. सारखी, एवढंच. किती, ते त्याने सांगितलं नाही, त्याला ते माहीतही नव्हतं. १८५६ साली तो वारला, तेव्हाही ते जगात कुणालाच माहीत नव्हतं. १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे स्तानिस्लाओ कानिझारोने हाच धागा धरून अणूंच्या वजनांचा गोंधळ निस्तरायची वाट दाखवली. गुणोत्तरं पक्की होत गेली, पिशव्या नीट भरता येऊ लागल्या, आणि पिशवीत नग किती ते तरीही अज्ञातच होतं. खिळ्यांची आणि स्क्रूंची आपली गोष्ट हीच.

१८६५ मध्ये व्हिएन्नाच्या योहान लोश्मिटने हवेतल्या रेणूचा आकार किती असेल याचा पहिला बरा अंदाज काढला आणि मोजणीला हात लागला. पुढे फ्रान्सच्या झाँ पेरँने पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची थरथर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून हा आकडा काढला आणि १९०९ साली त्याला ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं. ज्याने आकडा कधी पाहिला नाही, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. मला यात काही वावगं वाटत नाही. सारखेपणाची कल्पना त्याची होती आणि त्याशिवाय मोजायला काही नव्हतंच.

पायरी ३: आकड्याचा आवाका घ्या

६.०२२ × १०^२३ आपल्या मोजणीत सांगायचं तर ६०२ कोटी कोटी कोटी. आपल्या जुन्या अंकगणितात एकं, दहं, शतं करत जी नावं चढत जातात, त्यांतलं शेवटचं नाव परार्ध, म्हणजे १०^१७. आपल्या पूर्वजांनी जिथे नावं ठेवायची थांबवली, त्या परार्धाचे साठ लाखांहून जास्त ढीग एका मोलमध्ये मावतात. आणि पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम. औषधाच्या पाच मिलीच्या चमच्याने साडेतीन चमच्यांहून जरासं जास्त.

एक हिशोब वहीत करून बघा. भारतातले १४० कोटी लोक मोजायला बसले, प्रत्येकाने सेकंदाला एक रेणू मोजला, कुणी जेवायला उठलं नाही, झोपलं नाही. तर हे साडेतीन चमचे पाणी मोजून व्हायला १ कोटी ३६ लाख वर्षं लागतील. ६.०२२ × १०^२३ ला १.४ × १०^९ ने भागा, मग वर्षातल्या ३.१५६ × १०^७ सेकंदांनी. स्वतःच्या हाताने भागलंत की घाताची भीती जाते, म्हणून मी हा हिशोब तयार देत नाही, करायला लावते.

पायरी ४: पुलावरून ये-जा

नियम दोनच. काट्यावरून मोलकडे जाताना ग्रॅमला मोलार वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने, भागा. मोलवरून कणांकडे जाताना स्थिरांकाने गुणा. उलट जाताना उलट करा. याला सूत्र म्हणून चौकटीत बंद करण्यापेक्षा घरातल्या वस्तूंवर पाच-सहा वेळा चालवा.

चहातली चमचाभर साखर, ५ ग्रॅम. साखरेचं मोलार वस्तुमान ३४२.३ ग्रॅम. ५ भागिले ३४२.३ म्हणजे ०.०१४६ मोल. त्याला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की ८.८ × १०^२१ रेणू.

दहा ग्रॅम शुद्ध सोनं, म्हणजे हल्लीचा तोळा: १० भागिले १९६.९७, ०.०५०८ मोल, ३.०६ × १०^२२ अणू. सोनं महाग आणि लोखंड स्वस्त, पण दहा ग्रॅम लोखंडात अणू याच्या साडेतीनपट असतात. कारण लोखंडाचा अणू हलका, म्हणून तेवढ्याच वजनात नग जास्त बसतात. खिळे आणि स्क्रू परत आठवा.

आणि माझं आवडतं उदाहरण कूलरचं. समजा मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या कूलरने तासाला एक लिटर पाणी उडवलं. एक लिटर म्हणजे १००० ग्रॅम, १८ ने भागून ५५.५ मोल, म्हणजे ३.३४ × १०^२५ रेणू. तासाच्या ३६०० सेकंदांनी भागा: दर सेकंदाला ९.३ × १०^२१ रेणू वाळ्याच्या ताटीतून सुटून तुमच्या खोलीत येतात. त्यातला प्रत्येक रेणू जाताना थोडी उष्णता उचलून नेतो. खोली गार होते ती एवढ्या मोठ्या संख्येने, कारण एकेकटा रेणू उचलतो ती उष्णता नगण्य असते.

पायरी ५: जिथे पाय घसरतो त्या जागा

पहिली जागा अणू की रेणू. "एक मोल ऑक्सिजन" असं लिहिलं असेल तर विचारा, कशाचा? हवेतला ऑक्सिजन जोडीने फिरतो, म्हणून त्याच्या रेणूंचा एक मोल ३२ ग्रॅमचा आणि त्यात अणू दोन मोल. ऑक्सिजनच्या अणूंचा एक मोल १६ ग्रॅमचा. मोल म्हटलं की पाठोपाठ कणाचं नाव आलंच पाहिजे, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

दुसरी जागा स्फटिकातलं पाणी. मोरचूदाचे निळे खडे म्हणजे नुसतं कॉपर सल्फेट नाही. प्रत्येक घटकाबरोबर पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात. म्हणून निळ्या खड्यांचा मोल २४९.७ ग्रॅमचा आणि तापवून पांढऱ्या केलेल्या भुकटीचा १५९.६ ग्रॅमचा. द्रावण करताना हे विसरलं की सगळं गणित एका बाजूला कलंडतं.

तिसरी जागा २२.४ लिटर, आणि हिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. "कोणत्याही वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा व्यापतो" हे वाक्य मुलं इतकं घट्ट धरतात की त्याच्या अटी गळून पडतात. अट आहे शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब. नागपुरात शून्य अंश कुठून आणणार? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन, शून्य अंश म्हणजे २७३. २२.४ ला ३१८ ने गुणून २७३ ने भागा: २६.१ लिटर. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंच आहे, त्यामुळे दाब थोडा कमी आणि आकारमान त्याहूनही जरा जास्त. डिसेंबरातल्या दहा अंशांच्या पहाटे तोच मोल २३.२ लिटरमध्ये बसतो. उन्हाळा असो की हिवाळा, मोलमधल्या रेणूंची संख्या मात्र तीच. वायू पसरतो, आकसतो, संख्या हलत नाही. काही पुस्तकांत २२.७ लिटर दिसेल, तीही चूक नाही. तिथे दाब एक वातावरणाऐवजी एक बार धरलेला असतो. तुमचं पुस्तक कोणता दाब धरतं ते पहिल्या दिवशी बघून पानावर लिहून ठेवा.

पायरी ६: २०१९ मध्ये काय बदललं

जुनी पुस्तकं अजून घरोघरी आहेत, म्हणून हे सांगणं भाग आहे. १९७१ पासून मोलची व्याख्या अशी होती: कार्बन-१२ या समस्थानिकाच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंपैकी एका प्रकाराच्या) बरोबर १२ ग्रॅममध्ये जेवढे अणू, तेवढे कण म्हणजे एक मोल. त्या व्याख्येत १२ ग्रॅम ठरलेले होते आणि संख्या मोजायची होती. मोजमाप सुधारलं की शेवटचे अंक बदलत.

२० मे २०१९ पासून हे उलटं झालं. आता संख्याच ठरवून टाकली आहे, बरोबर ६.०२२१४०७६ × १०^२३, आणि कार्बन-१२ च्या एका मोलचं वजन मोजायचं. ते १२ ग्रॅमच्या इतकं जवळ आहे की शाळा-कॉलेजात काही फरक पडत नाही. नागपूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. झिरो माइलच्या खांबापासून अंतरं मोजायची असं एकदा ठरलं की खांब शून्यापासून किती दूर, हा प्रश्नच उरत नाही.

संख्या ठरवण्याआधी ती अतिशय काटेकोरपणे मोजावी लागली. त्यासाठी वापरलेल्या रीतींपैकी एक मला फार सुंदर वाटते. सिलिकॉन-२८ या जवळजवळ शुद्ध समस्थानिकाचा एक किलोचा गोळा घासून घासून गुळगुळीत केला. व्यास साधारण ९.४ सेंटिमीटर, आपल्या मोठ्या संत्र्याहून बराच मोठा. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू घनाकार खोल्यांत रचलेले असतात. क्ष-किरणांनी एका खोलीची बाजू मोजता येते, ती ०.५४३ नॅनोमीटर, आणि प्रत्येक खोलीत आठ अणू. गोळ्याचं आकारमान भागिले खोलीचं आकारमान गुणिले आठ, म्हणजे गोळ्यातले अणू.

याची साधी आवृत्ती तुम्हीही वहीवर करू शकता. बाजार-प्रयोगशाळेतल्या साध्या सिलिकॉनचा एक मोल २८.०८५ ग्रॅमचा, घनता घनसेंटिमीटरला २.३२९ ग्रॅम. एका मोलचं आकारमान काढा, खोलीच्या आकारमानाने भागा, आठने गुणा. ०.५४३१ नॅनोमीटर घेतलंत तर उत्तर ६.०२ × १०^२३ येईल. सेंटिमीटर आणि नॅनोमीटर एकत्र आणताना चुका होतात, तेवढं जपा.

पायरी ७: आता स्वतः मोजा

हा प्रयोग मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचा. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका. लोणच्याची जुनी काचेची बरणी घ्या आणि ती पुन्हा खाण्याच्या कामाला वापरू नका. भिंतीतल्या प्लगची वीज थेट कधीही वापरायची नाही, फक्त मोबाइल चार्जरची पाच व्होल्टची बाजू.

सामान असं: तांब्याचे दोन पत्रे, साधारण पाच सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब. भांड्यांच्या दुकानात कापून मिळतात. मोरचूद ५० ग्रॅम. जुन्या चार्जरची केबल, जिची लाल आणि काळी तार सोलता येईल. दहा ओहमचा, दहा वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर आणि एक मल्टिमीटर. हे दोन्ही सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतील. आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. तो घरी नसेल तर इतवारीच्या सराफा बाजारात ओळखीच्या दुकानी जा आणि काम सांगून विनंती करा.

पत्रे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, धुवा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. एकावर खिळ्याने "धन" आणि दुसऱ्यावर "ऋण" असं वरच्या कोपऱ्यात कोरा. मग वजन करा. आधी वजन आणि नंतर कोरणं असा क्रम झाला तर कोरताना निघालेला चुरा हिशोबात येतो. वजन वहीत लगेच लिहा.

बरणीत ३०० मिली पाणी, त्यात मोरचूद विरघळवा. पत्रे समोरासमोर, तीन-चार सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांना न टेकता लोंबकळत ठेवा, खालचे पाच सेंटिमीटर बुडतील असे. लाल तार रेझिस्टरला, रेझिस्टर मल्टिमीटरला, मल्टिमीटर "धन" पत्र्याला. काळी तार "ऋण" पत्र्याला. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावा. चार्जर सुरू केल्यावर साधारण ०.४ ते ०.५ अँपिअर दिसेल. रेझिस्टर चांगलाच तापतो, त्याला हात लावू नका आणि तो कागदावर ठेवू नका.

घड्याळ लावा. चाळीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी धारा, म्हणजे मल्टिमीटरवरचा अँपिअरचा आकडा, लिहून घ्या आणि शेवटी सरासरी काढा, कारण ती हळूहळू सरकते. "ऋण" पत्र्यावर सोनेरी-गुलाबी ताजं तांबं चढताना दिसेल. ते काळपट, भुसभुशीत होऊ लागलं तर धारा पत्र्याच्या मानाने जास्त आहे. पत्रा थोडा जास्त बुडवा.

संपल्यावर पत्रे चोळू नका. पाण्यात अलगद बुडवून काढा, मग स्पिरिटमध्ये, आणि सावलीत वाळवा. चढलेलं तांबं हातानेच गळून पडतं, आणि निम्मे प्रयोग याच जागी बिघडतात.

आता हिशोब. समजा सरासरी धारा ०.४५ अँपिअर आणि वेळ २४०० सेकंद. गुणाकार १०८० कूलोम, एवढा विद्युतप्रभार वाहिला. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०^-१९ कूलोम. भागलं की ६.७४ × १०^२१ इलेक्ट्रॉन. तांब्याचा प्रत्येक अणू पत्रा सोडताना दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो, म्हणून पत्र्यावरून गेलेले अणू याच्या निम्मे, ३.३७ × १०^२१. ही झाली मोजणीची बाजू.

काट्याची बाजू: समजा "धन" पत्रा ०.३७ ग्रॅमने हलका झाला. ०.३७ भागिले ६३.५५ म्हणजे ०.००५८२ मोल. अणूंच्या संख्येला मोलने भागा: ५.७९ × १०^२३.

खऱ्या आकड्यापासून चार टक्के दूर. आणि "ऋण" पत्रा समजा ०.३४ ग्रॅमने जड झाला, तर त्यावरून ६.३० × १०^२३ येईल. दोघांत फरक का? "धन" पत्र्यावरून काही तांबं न विरघळता नुसतं झडतं, त्यामुळे घट जास्त दिसते. "ऋण" पत्र्यावर चढलेलं थोडं धुताना जातं, त्यामुळे वाढ कमी दिसते. दोन्ही चुका विरुद्ध बाजूंना ओढतात आणि खरा आकडा मधे सापडतो. कुणी उत्तर बरोबर ६.०२२ आलं असं सांगितलं तर मी आधी त्याची वही मागते. आणि ५.७९ आलेल्याच्या वहीत दर पाच मिनिटांची नोंद असेल, तर त्याला पूर्ण गुण देते.

एका इलेक्ट्रॉनचा प्रभार आपण आयता घेतला, हे लक्षात आलं असेल तर उत्तम. मोलभर इलेक्ट्रॉनांचा प्रभार, साधारण ९६,४८५ कूलोम, असाच पत्र्यांवरून काढता येतो, आणि त्याची वाट मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकातच घालून दिली होती. अडलं होतं ते एका इलेक्ट्रॉनपाशी. १९०९ पासून रॉबर्ट मिलिकनने तेलाचे बारीक थेंब विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवून तो प्रभार मोजला. मग एक भागाकार उरला: ९६,४८५ भागिले १.६०२ × १०^-१९. तुमच्या कॅलक्युलेटरवर करून बघा.

पहिल्या खेपेला उत्तर लांब आलं तर आधी काट्याकडे बघा. ०.३७ च्या जागी ०.३६ भरले असते तर उत्तर ५.९५ झालं असतं. काट्याची एक शेवटची खूण इतका फरक पाडते. उपाय सोपा आहे: चाळीसऐवजी ऐंशी मिनिटं चालवा. तांबं दुप्पट उतरेल आणि काट्याच्या चुकीचा वाटा निम्मा होईल. त्यासाठी निळं द्रावण मोरीत किंवा नालीत ओतू नका. आपल्या नाल्या पुढे नाग नदीला मिळतात आणि तांब्याचं पाणी माशांना मारतं. झाकणाच्या बाटलीत भरा, वर मोठ्या अक्षरात "मोरचूद, विष" आणि तारीख लिहा, आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. दोन्ही पत्र्यांची अखेरची वजनं वहीत लिहिलेली आहेतच, पुढच्या खेपेची सुरुवात तीच.